बंद घराची शिवण

वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसणाऱ्या माणसाला अंधाराची भीती वाटायला वेळच मिळत नाही. कुठे अंधार झाला की तो घालवायचा, एवढंच त्याचं काम. धाकटी तिथे बरीच वर्षं काढून बसली होती. घरात शेंडेफळ, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणायचे. चाळिशी उलटली, डोक्यात चंदेरी तार दिसायला लागली, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. कक्षात मात्र ती सगळ्यांची ताई.

त्या वर्षी शहरभर जुने, चकती फिरणारे मीटर काढून नवे स्मार्ट मीटर बसवायचं काम चाललं होतं. नवा मीटर आपणहून बोलतो. घरात पंखा लागला, गिझर तापला, की तिथल्या तिथे पडद्यावर रेघ उचलली जाते. आणि कक्षातून नुसतं बटण दाबलं की त्या घराची वीज बंद. लोकांना हे काही केल्या पचत नव्हतं. तक्रारीच्या खिडकीवर रोज कुणी ना कुणी तावातावाने भांडत उभं असायचं. एका आजोबांनी तर खालच्या आवाजात विचारलं, "मी रात्री किती वेळा उठतो, तेही दिसतं का हो तुम्हाला?"

"दिसतं," धाकटीच्या शेजारच्या टेबलावरून उत्तर आलं, "पण आम्ही आजींना सांगत नाही."

हा रेडिओ. खरं नाव कचेरीतल्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. निवृत्तीला टेकलेला माणूस, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. सकाळी आल्यापासून त्याचं प्रसारण सुरू व्हायचं ते निघेपर्यंत.

एका निवांत दुपारी धाकटीने पडद्यावर आईचं घर उघडलं.

आई हिवाळ्यात गेली. छातीत कळ आली म्हणाली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलंही होतं. आई कपडे शिवायची. निम्म्या वस्तीच्या अंगावर तिच्या हातची शिवण होती. ती गेल्यावर दादाने कुणाला न विचारता तिचं विजेवर चालणारं शिवणाचं मशीन उचलून आपल्या घरी माळ्यावर नेऊन टाकलं, आणि तेव्हापासून बहीणभावाचा अबोला. काही निरोप असेल तर वहिनीमार्फत. घर बंदच होतं. तिथला नवा मीटर आठवड्यापूर्वी बाहेर ओट्यावर बसला होता.

तिला फक्त ती सपाट रेघ बघायची होती. एकदा डोळ्यांनी बघितली की मनाला पटेल, असं तिला वाटलं.

रेघ सपाट नव्हती.

बारीक बारीक दात होते तिला. एक ओळ दातांची, मग पोकळी. पुन्हा ओळ. मग अगदी थोडकी जागा रिकामी, दोरा दाताने तोडायला वेळ लागतो तेवढी. धाकटीचा हात माऊसवरच थिजला. लहानपणी ती कापड बेतायच्या टेबलाखाली निजायची आणि डोक्यावर हेच चालू असायचं. घर्रर्र... घर्र... थांब. घर्रर्रर्र. लांब होती ती पाठीची शिवण. थांबत थांबत होती ती बाही.

"उंदीर," रेडिओ मान लांब करून म्हणाला. "वायर कुरतडली की अशीच दातेरी रेघ येते."

तिने आदल्या दिवसाची रेघ काढली. त्याच्या आदल्या दिवसाची काढली. सकाळ सपाट, संध्याकाळ सपाट. दात फक्त दुपारी, जेवण उरकून, भांडी घासून आई मशीनवर बसायची, तेव्हाच.

रेडिओ म्हणाला, "असे वेळेवर कामाला येणारे उंदीर आपल्या कचेरीत हवेत." पण तो हसला नाही.

धाकटीने दादाला फोन लावला.

"मशीन कुठे आहे?"

"झालं? पुन्हा तेच उकरायचंय का तुला?"

"भांडायला नाही रे केला फोन. मशीन कुठे आहे ते सांग."

"माळ्यावर. चादरीत गुंडाळून. का?"

तिने सांगितलं.

"मेन स्विच मी माझ्या हाताने खाली ओढलाय, धाकटे," दादा म्हणाला. "उद्या दुपारी ये. मी किल्ली घेऊन येतो."

तिने सोबत वायरमन पक्कडला घेतलं. त्या गल्लीतले मीटर त्यानेच बसवले होते. हातातली पक्कड तो झोपेतही खाली ठेवत नाही असं लोक म्हणायचे, म्हणून हे नाव. "शेजारच्याची तार तुमच्या मीटरला लागली असेल तर माझं नाव बदला," तो वाटेत म्हणाला. "मी जोडलेलं चुकत नाही."

आईच्या घराला लागूनच इस्त्रीवाल्या काकांचं घर. मधली भिंत एकच. काका एकटे राहायचे, दारातच टेबल टाकून कपड्यांचे डोंगर सपाट करायचे. धाकटी आणि किल्ली घेऊन आलेला दादा, दोघांना एकत्र बघून त्यांनी इस्त्री उभी केली.

"बरं झालं आलात. आणि मशीन हलवलं नाहीत तेही बरं केलंत हो. दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला की सोबत वाटते."

दादाने धाकटीकडे पाहिलं.

"कधी ऐकलात आवाज?" तिने विचारलं.

"रोजच की. कालही. मला वाटलं, तू येऊन बसतेस आईच्या आठवणीने." काका तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "तू नाही येत?"

पक्कड ओट्यावरच्या मीटरशी थांबला, आणि भावंडं कुलूप काढून आत गेली.

बाहेर रखरखीत ऊन, पण आत खिडक्या बंद असल्यामुळे डोळ्यांना आधी काही दिसेना. मग हळूहळू एकेक वस्तू वर आली. कापड बेतायचं टेबल. खुंटीवरची मापाची फीत. फरशीवर धुळीचा जाड थर, आणि त्यावर फक्त त्या दोघांची पावलं. खिडकीपाशी मशीन होतं त्या जागी धूळ थोडी कमी. मेन स्विच खाली. दादाने दिव्याचं बटण दोनतीनदा दाबून पाहिलं, काही नाही. पण वास होता. मशीनच्या तेलाचा, आणि तापलेल्या कापडाचा. शेजारी इस्त्री चालते ना, धाकटीने मनाला समजावलं. तेलाचं काय, ते मात्र तिला समजावता आलं नाही.

तिने रेडिओला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"काय दिसतंय आत्ता?"

"आत्ता सपाट आहे. अगदी तव्यासारखी. तुम्ही उगाच पायपीट... थांब." रेडिओचा सूर बदलला. "सुरू झालं, ताई."

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दोघांनी श्वास धरला. काही नाही. एवढंसंही काही नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून इस्त्रीवाले काका ओरडले, "ऐका! हेच म्हणत होतो मी. झालं बघा सुरू!"

दोघं मशीनच्या रिकाम्या जागेशी, खांद्याला खांदा लावून उभी होती. पलीकडच्या माणसाला ऐकू येत होतं. इथे, त्या जागेवर उभं राहून, त्यांना ऐकू येत नव्हतं.

"चल," दादा कुजबुजला. "चल इथून."

तो वळला आणि धाकटीचा हात त्याच्यामागे ओढला गेला.

"सोड ना."

"मी नाही धरलंय..."

तिने खाली पाहिलं. तिच्या कुडत्याची बाही आणि दादाच्या शर्टाची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत एकमेकींना जोडलेली होती. सरळ, बारीक, एकसारखी शिवण. आणि ती थांबलेली नव्हती. कोपराखाली कापडाला एक खळी पडत होती, सुरकुती येत होती, पुढे सरकत होती. पुन्हा खळी. पुन्हा सुरकुती. सुई कुठेच नव्हती. पांढरा दोरा तेवढा कापडातून आत-बाहेर होत मनगटाकडे निघाला होता.

दादाने हिसडा मारला. कापड उसवलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने शर्टाची बटणं तोडायला घेतली.

"रेडिओ! वीज तोड! या घराची वीज तोड!"

"तोडली... तोडली बघ. सपाट झाली."

खळी पडता पडता थांबली. दोरा कापडाबाहेर अर्धा लोंबकळत राहिला. दोघं धापा टाकत तशीच उभी होती. दादाचे डोळे भरून आले होते.

"आई?" त्याने हवेत विचारलं. "आई, तू आहेस का गं?..."

फोनमधून रेडिओचा आवाज आला. इतका बारीक, की तो त्याचा वाटेना.

"ताई... परत आली. मी हातही लावलेला नाही, शप्पथ. बटण बंदच आहे... आणि ही रेघ... ताई, बाहेर पडा तुम्ही."

शिवण पुन्हा सुरू झाली, आणि आता दुप्पट वेगाने. बाही संपली. धाकटीला मनगटाच्या बाजूला मुंगी चावल्यासारखं झालं. दादा कळवळला. दोघांची मनगटं एकमेकांना चिकटून होती, आणि मधून एक पांढरा टाका गेला होता. कातडीतून. त्याच्यामागून एक लालभडक थेंब वर येत होता.

"पक्कड!" धाकटी किंचाळली. "वायर तोड! बाहेरची, खांबावरून येते ती! तोड!"

पक्कडने का म्हणून विचारलं नाही. शिडीचा खडखडाट, आणि मग कट्ट असा आवाज. बस्स. सगळं थांबलं.

बाहेर कसे आलो ते दोघांनाही नंतर सांगता आलं नाही. ओट्यावर ती अशी एकमेकांना शिवलेली बसली होती आणि इस्त्रीवाले काका तोंडावर हात धरून बघत होते. पक्कडने पात्याने बाह्या कापल्या. मनगटातला टाका त्याने चिमटीत धरून हलकेच ओढला, उन्हात धरला, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा दोरा नाही, ताई."

लांब होता, पांढराशुभ्र. सोडला की आपोआप वळत होता. म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावरचा केस.

दादा मनगट छातीशी धरून लहान मुलासारखा रडायला लागला. "आपण बोलत नव्हतो ना... तिला बघवलं नाही. तिने आपल्याला जोडून ठेवलं, धाकटे."

धाकटीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कित्येक महिन्यांनी ती त्याच्या इतकी जवळ बसली होती. हो म्हणावं, असं तिला फार वाटलं.

"ती आई नव्हती, दादा," ती म्हणाली. "मापं घेताना, बेतताना, कितीजणांच्या अंगावर टाचण्या लावल्या तिने. कधी कुणाला टोचलेली आठवते का तुला?"

दादाचं रडणं थांबलं. त्याने वळून उघड्या दाराकडे पाहिलं आणि उठून ते ओढून घेतलं. कुलूप लावताना किल्ली त्याच्या हातातून दोनदा पडली.

त्याच संध्याकाळी पक्कडने मीटर काढून आणला. खांबावरची वायर गुंडाळून ठेवली. त्या घराला आता कुठूनही वीज मिळायचा प्रश्न उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने पडद्यावर घर उघडलं. नकाशावरचा घराचा ठिपका काळा. रेघच नाही. तिने मोठ्ठा श्वास सोडला आणि दादाला फोन करून सांगितलं. वहिनीकडे निरोप न देता, थेट. दादा म्हणाला, रात्री जेवायला ये. ती हो म्हणाली. फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं, की शेजारच्या टेबलावरून बराच वेळ काही ऐकू आलेलं नाही.

रेडिओ आपल्या पडद्याकडे बघत बसला होता. त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

इस्त्रीवाल्या काकांचं घर होतं. त्यांची रेघ कचेरीत सगळ्यांना ओळखू यायची, इस्त्री तापते आणि निवते तसे जाडजूड ठोकळे. आज ठोकळे सकाळीच संपले होते. त्यानंतर रेघ खाली बसली होती, आणि आत्ता तिला बारीक बारीक दात फुटत होते.

धाकटीने फोन लावला. घंटी वाजत राहिली. ती ठेवणार, तेवढ्यात कुणीतरी उचलला.

"काका! काका, तुम्ही आहात तसे बाहेर या. दार उघडा आणि गल्लीत या."

पलीकडून आधी नुसता श्वास. मग काका बोलले, अगदी हळू, ओठ हलू नयेत असं बोलावं तसं.

"येता नाही येत गं..."

"का? काय झालं?"

"तुमच्या आई आल्यात," काका म्हणाले. "माप घेतायत... हलू नका म्हणाल्या."