कोरा रकाना

ढगातून कोसळलेली थंड हवाच धुळीचं वादळ उठवते, हे आकड्यानिशी सिद्ध करायला आम्ही तिघं नागपूरहून थरच्या वाळवंटात आलो होतो. भूगोलाचे प्राध्यापक मधुकरराव. त्यांची सहायक मी, शामला. आणि प्रयोगशाळेतला जागेश्वर, मूळचा उमरेडचा विणकर. जून १९७३.

दिवस तिसरा. दुपारी १२. तापमान ४६.
पाण्याच्या डब्यात खुणा केलेली काडी बुडवली. आजही पाणी दोन खुणा जास्त उतरलेलं! जीप परवा येणार.

दुपारी १.
जागेश्वर लोटा भरून झुडपांमागे गेला. परतला, लोटा रिकामा. ओठ मात्र कोरडे.
"कुठं गेला होतात?"
"इथंबी हजेरी घेता काय, बाई?"
मधुकररावांना सांगितलं. "बारा वर्षं ओळखतो त्याला," ते म्हणाले. पण वामकुक्षीला डबा उशाशी घेतला.

दुपारी ४. तापमान ४७.
पश्चिमेला काळा ढग. त्यातला पाऊस जमिनीवर पोचण्याआधीच वाळत होता. त्यानं गार, जड झालेली हवा खाली आदळून पसरत होती आणि पुढ्यातली सगळी वाळू उचलत आमच्याकडे येत होती. निदान आमचा दावा तसा होता. क्षितिजावरच्या तपकिरी रेघेची बघता बघता भिंत झाली.

४.२०.
जागेश्वर पळाला! झुडपांकडे!
"डबा सांभाळा, सर!" मी ओरडले.
तो परतला. खांद्यावर निथळतं, हातमागाचं नऊ वार कापड.
"यासाठी पाणी नेत होतात? सांगितलं का नाही?"
"सांगतलं असतं त देलं असतं काय? कोऱ्या कापडाले खळ रायते, बाई. रोज मुरवल्याबिगर पाणीच धरत नाही. घ्या तोंडावर!"

४.२५.
अंधार! वाळू. कानात, डोळ्यांत, दातांत. तापमापक वीस पावलांवर, तिवईला टांगलेला. मधुकरराव उठले.
"आकडा गेला तर आलोच कशाला!"
जागेश्वरनं त्यांचा पाय धरला. "बसा गा खाली!"
बारा वर्षांत सरांना तो पहिल्यांदाच घरच्या माणसासारखं 'गा' म्हणाला. सर बसले. ओल्या कापडाबाहेर काहीतरी कडाडून मोडलं.

५.१०.
तिवई सापडलीच नाही.
"थंडी वाजली ना, शामला? काटा आला होता ना अंगावर? लिही, अंदाजे तीस."
काटा आला होता खरा. पण कापड ओलं होतं. ओल्या कापडात वारा शिरला की थंडी वाजतेच. तीन दिवस मी एका माणसाविरुद्ध काडीवर पुरावे मोजले होते. आणखी एक खोटा पुरावा नको.

४.२५. तापमान:

मी वही पुढे केली. मधुकररावांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग खाली सही केली.

डबा उघडून पहिला लोटा मी जागेश्वरला दिला.
"आज काडी नाही बुडवली, बाई?"
"मोडून टाकली."