पाऊण इंच

दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आतच तो सुरू झाला.

"या, या. घर जरा पसरलंय, पण आई अगदी मजेत आहे. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर. आणि फायरप्लेस तर आम्ही पेटवतच नाही हो!"

त्याच्या पाठीमागे फायरप्लेसमध्ये लाकडं चांगली धडधडून पेटली होती.

"मी... फायरप्लेसच्या काचेच्या दारांचं माप घ्यायला आलेय," मी टेप वर करून दाखवली. "पेल्टिएंच्या दुकानातून."

त्यानं डोळे मिटून घेतले. कान लालबुंद झाले.

"मला वाटलं, सरकारी नर्स न सांगता आधीच आली."

"नर्स अशी भिजलेली आणि हातात टेप घेऊन येते?"

"आता खरं सांगतो... रोज पेटवतो. आईला त्याशिवाय करमतच नाही."

हा एमिल गॅन्यों. आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायचा. खरं तर मापं माझे पापा घेतात, मी आमच्या दुकानात चौकटी जोडते. पण पापांचं मनगट मोडलं होतं, म्हणून त्या शनिवारी पहिल्यांदाच मी एकटी निघाले होते.

"विझल्याशिवाय माप घेता येणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्हाला थांबावं लागेल?" तो म्हणाला. त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

निखारे निवेपर्यंत अडीच तास गेले. खिडकीवर गार पाऊस, टेबलावर कॉफी आणि गरम डोनट. तेवढ्यात त्यानं सगळं सांगितलं. आईला अलीकडे काही लक्षात राहत नाही. महिन्यापूर्वी बाहेर घरंगळलेलं जळतं लाकूड तिनं नुसत्या हातानं आत ढकललं होतं. बर्लिंग्टनला राहणारी बहीण सोलांज म्हणत होती, आता आईला वृद्धाश्रमात ठेव. चार आठवड्यांनी नर्स घर बघायला येणार होती. आगीपुढे पक्का आडोसा नसला, तर ती अहवाल सोलांजच्या बाजूनं लिहिणार.

"मग फायरप्लेस बंदच का नाही करत?" मी विचारलं.

त्यानं आईकडे पाहिलं. विझत चाललेल्या जाळाकडे एकटक बघत ती स्वतःशीच हसत होती.

"तेवढ्यापुरती ती माझी जुनी आई असते... म्हणून."

मी टेप लावली, तेव्हा दुसरं टोक त्यानं धरलं. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. तो विचारत होता, "काच साधी घ्यावी की तांबूस? जाळी आतून की बाहेरून? आणि तुम्ही... दर शनिवारी मापं घेता?" मी काहीतरी उत्तर दिलं, काहीतरी लिहिलं आणि घरी आले.

सोमवारी ऑर्डर कारखान्याकडे गेली. दुपारी वही चाळताना काळजात धस्स झालं. दगडी फायरप्लेसची रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजायची असते. माझ्या वहीत फक्त खालचं माप होतं. मी कारखान्याला फोन लावला. काच सकाळीच कापून भट्टीत गेली होती. भाजून कडक केलेली काच पुन्हा कापता येत नाही.

दगड सरळ असेल, मी स्वतःला सांगितलं. असेलच.

त्या शनिवारी एमिल दुकानात आला. "हँडल गोल घ्यावं की लांब?" त्याला विचारायचं होतं. पुढच्या शनिवारी रंग काळा की करडा, असं काहीतरी. त्याच्या पुढच्या शनिवारी विचारायला काहीच उरलं नव्हतं, तरी तो आला.

"नोएला, तू अशी गप्प का असतेस गं? मी बोअर करतो?"

"नाही रे..."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंही नाही. पण तो हसला की सांगायचं राहून जायचं. आज सांगू... नको, तो गेल्यावर फोन करू... नको, दगड सरळच असेल.

बुधवारी दारं आली, ती मी एमिलकडे नेली. एमिल आणि मी चौकट उचलून आत सरकवली. खाली बरोबर बसली. वर अडकली. मी पुन्हा रेटली. दगड तसूभरही हलणार नव्हता.

"किती?" त्यानं विचारलं.

"पाऊण इंच. एमिल, मी... वरचं माप घेतलंच नव्हतं."

"हे आत्ता कळलं?"

मी मान खाली घातली. "सोमवारीच. तुझ्याकडे येऊन गेले, त्याच्या पुढच्या."

"तीन आठवडे? मी दर शनिवारी तुझ्यासमोर बसत होतो!"

"म्हणूनच तर... सांगितलं तर तू येणार नाहीस असं वाटलं."

"परवा नर्स येणार आहे, नोएला. माझी आई आहे ती." त्यानं पाठ फिरवली.

घरी येऊन पापांना सगळं सांगितलं.

"अगं, चुकीची मापं मीही घेतलीत. पण लपवली नाहीत कधी." मग उठून त्यांनी दुकानाचा दिवा लावला. "जाड लोखंडी जाळी किती शिल्लक आहे बघ. नवी दारं येईपर्यंत तीच बसवू."

गुरुवारी पहाटे मी एमिलच्या दारात उभी होते. माझ्याकडे न बघताच त्यानं टेपचं दुसरं टोक धरलं. या वेळी मी नऊ ठिकाणी मोजलं. दिवसभर दुकानात पापा खुर्चीतून सांगत होते आणि मी लोखंड कापत होते, जोडत होते. संध्याकाळी एमिलकडे ती जाळीची चौकट दगडांच्या सांध्यांत बोल्टनं पक्की केली. कडी अशी, की दोन हात लावल्याशिवाय उघडणार नाही. एमिलच्या आईनं जाळीला डोकं टेकवून आत पाहिलं.

"छान दिसतं गं पोरी," ती म्हणाली.

एमिल मात्र खिडकीबाहेरच बघत होता.

शुक्रवारी मला एक काम धड जमलं नाही. बारा वाजले, दोन वाजले, फोन नाही. चारच्या सुमारास दुकानाची घंटी वाजली. तो दारात उभा होता, कोटावर बर्फाचे कण.

"नर्सनं जाळी दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितली," तो म्हणाला. "आई घरीच राहणार. सोलांजनंही मान्य केलंय."

मी खुर्ची ओढून बसले.

"अजून रागावलायस?"

"हो." तो जवळ आला. "नवीन दारं कधी येतील?"

"तीन आठवडे लागतील."

"मग एक ठरवू. यापुढे चांगलं असो, वाईट असो... ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी सांगायचं."

मी हातमोजे काढून ठेवले.

"मग एक सांगायचं राहिलंय. मला तू आवडतोस."

"हे कधीपासूनचं?"

"पहिल्या शनिवारपासून."

"म्हणजे हेही लपवलंस!"

"हो..."

एमिल माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि माझे गार हात त्यानं आपल्या हातांत घेतले. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"बरं झालं," तो हळूच म्हणाला. "मला वाटत होतं, मी एकटाच लपवतोय."