कडेच्या बाकावरचा दोर

त्या शहरानं पहिल्याच सकाळी मला पाण्यानं सलामी दिली... आणि भिजला मात्र दुसराच.

रोई-एतजवळच्या आमच्या खेड्यातून मी बँकॉकला आले होते, चार दिवसांसाठी. प्रतुनामच्या बाजारात मावशीचं शिवणकामाचं दुकान. राहायचं की परत जायचं, ते चौथ्या दिवशी सांग, असं तिनं बजावलेलं. सकाळी कालव्यातल्या लाँचमध्ये कडेच्या बाकावर बसले. समोर एक दोर लोंबत होता. परक्याच्या वस्तूला हात लावू नये ही आईची शिकवण. मी हात मांडीवर ठेवून बसले. तेवढ्यात समोरून दुसरी लाँच आली, मागून चारजण "दोर, दोर" म्हणून ओरडले. मी घाबरून खाली वाकले — आणि लाट शेजारच्या तरुणाच्या पांढऱ्या शर्टावर फुटली.

तो रागावला नाही. चष्मा पुसत म्हणाला, "कडेला बसणाऱ्यानं दोर ओढायचा असतो. मग पडदा वर येतो."

"तसं लिहून ठेवावं की मग."

"पहिल्यांदाच आलात वाटतं शहरात?"

"कपाळावर लिहिलंय का माझ्या?"

"नाही... माझ्या शर्टावर."

दुसऱ्या दिवशी कडेला तोच बसला होता, दोर हातात धरून. नाव प्रावित, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. मीही माझं सांगितलं, पिकुन. शहर कसं वाटलं, विचारलं त्यानं. मी सांगितलं, सगळी माणसं चुलीवर भात ठेवून आल्यासारखी धावतात, आणि इथला भातही सुटासुटा, आमच्याकडच्यासारखा बोटांना चिकटत नाही. तो इतका हसला की दोर सुटता सुटता राहिला. चौथ्या दिवशी मावशीला उत्तर द्यायचंय, हेही मी सांगून टाकलं. उतरताना मी त्याला थोरल्या माणसाला, आणि जवळच्यालाही, म्हणतात तसं 'फी प्रावित' म्हटलं. त्याचे कान लाल झाले.

तिसऱ्या दिवशी मी त्याला गावच्या उत्सवाचं सांगितलं. सर्वस्व दान करणाऱ्या वेस्सन्तर राजाची कथा भिक्खू दिवसभर गाऊन सांगतात. मद्दी राणी राजानं दान देऊन टाकलेल्या लेकरांना रानात शोधते, तिथे सगळा मांडव रडतो. इंजिनाच्या घरघरीत मी तेवढाच भाग गुणगुणले, आणि ऐकायला त्यानं कान जवळ आणला. मग आमची खास रीत सांगितली — वस्तीवरचे लोक दानाची परडी घेऊन वाजतगाजत निघतात, पण ती कुणाला द्यायची हे ठरवत नाहीत. पोचतील तेव्हा जो भिक्खू गात असेल, त्याची ती परडी.

"आणि त्याहून चांगला गाणारा मागून आला तर?"

"तरी बदलायची नाही. आपण निवडायचंच नसतं ते."

दोराला पीळ देत तो म्हणाला, "उद्या चौथा दिवस ना तुझा?"

चौथ्या सकाळी माझ्या मांडीवर पिशवी होती. ती पाहून त्याचा चेहरा उतरला. पुढचा धक्का गेला, त्यानंतरचाही... तो नुसता दोराशी चाळा करत राहिला.

"पिकुन," शेवटी तो म्हणाला, "त्या दिवशी मी धावत लाँचमध्ये चढलो, तेव्हा एकच जागा रिकामी होती. तुझ्या शेजारची. मीही निवडलं नव्हतं. पण आता... परडी मला बदलायची नाही."

माझ्या हातातली पिशवी घट्ट आवळली गेली. दोर कुणाच्याच ध्यानात राहिला नाही. लाट आली आणि आम्ही दोघंही नखशिखांत भिजलो. मागची एक आजी करवादली, प्रेम करायचं तर मधल्या बाकावर बसून करा.

मावशीला मी सकाळीच हो म्हटलं होतं. उत्सव आटोपून सोमवारी कामावर यायचं होतं मला. पण हे त्याला आधी कशाला सांगायचं... त्याचं ऐकायचं होतं ना.

केसांतलं पाणी झटकत मी म्हटलं, "शनिवारी कथा आहे. मद्दीचा भाग दुपारी असतो. आईला सांगते, एक पाहुणा येतोय म्हणून."

"आणि नंतर?"

"नंतर सोमवारी मला घेऊन इथं परत ये," मी दोर त्याच्या हातात दिला, "आणि हा नीट धर."