काज असलेला तुकडा

ही गोष्ट खरी आहे.

देवाला स्मरून सांगतो, यात पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत हे घडलं. तिने मला सांगितलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. तो हात खोटं बोलत नव्हता.

भुताची गोष्ट म्हटली की आपण आधी रात्र शोधतो. इथे रात्र नाही. लख्ख दुपार होती. पंखा फिरत होता. बाहेर रस्त्यावर फळवाला ओरडत होता.

आणि तरीही...

असो. पहिल्यापासून सांगतो.

टेलरबाईच्या दुकानामागे एक खोली आहे. लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री, भिंतीशी कपाट, एक खिडकी, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की त्या खोलीत चौघी जमायच्या. टेलरबाई, नोकरीतून मोकळ्या झालेल्या नर्सबाई, माझी आत्या आणि डावरी काकी.

काकी सगळ्यांत मोठी. डाव्या हाताने शिवायची म्हणून डावरी. तिचे टाके बाकीच्यांच्या उलट बाजूला कलायचे. कितीही मोठी गोधडी असू दे, तिची ओळ लांबूनच ओळखू यायची.

चौघी चिंध्यांच्या गोधड्या शिवायच्या. नमुना नाही, आखणी नाही. प्रत्येकीने आपली पिशवी टेबलावर रिकामी करायची, सगळा ढीग एक करायचा, आणि डोळे मिटून हात घालायचा. हाताला लागेल तो तुकडा पुढचा. आवडला नाही तरी परत टाकायचा नाही.

ही पद्धत काकीची. कुणी एक डोळा किलकिला केला, की काकी बोटातली पितळी टोपी टेबलावर आपटायची. टक... टक.

"डोळा मिट गं, चोरटे!"

हे बहुधा टेलरबाईला असायचं.

"अहो काकी, हा लाल नको ना. डोळ्यांत घुसतो माझ्या."

"मग मिट की डोळे. घुसणार नाही."

खोली हसायची. आत्या म्हणते, घरात तिला जे मिळालं नाही ते त्या टेबलाभोवती मिळालं. सुई एकीच्या हातात, दोरा दुसरीच्या, आणि मनातलं सगळं चौघींचं.

मग काकी आजारी पडली. उठणार नाही, हे तिलाही कळलं होतं. तिने एकच मागणं मागितलं.

"माझी मला एक गोधडी शिवा. जाताना अंगावर तीच घाला. दुसरं काही नको."

शिवली. काकी उशीला टेकून बसायची आणि जमेल तेवढे टाके स्वतः घालायची. एकदा तिच्या हाताला कुठल्याशा जुन्या कोटाचा तपकिरी तुकडा लागला. त्यात काज तसंच होतं. बटण गेलेलं, काज उघडं.

"शिवून टाकते ते," टेलरबाई म्हणाली.

"राहू दे. त्यातून मी बघत राहीन, तुम्ही काम करता की नुसत्या गप्पा मारता."

ती हसली. सगळ्या हसल्या. तो तुकडा गोधडीच्या बरोब्बर मध्ये बसला.

तीन कोपरे टेलरबाई, नर्सबाई आणि काकीने बंद केले. चौथा काकीने उघडा ठेवायला लावला.

"तो तुझा," ती आत्याला म्हणाली. "आत्ता नाही. कोपरा बंद झाला की गोधडी पुरी झाली. मी अजून पुरी झाले नाहीये. मी गेले, की तू शीव आणि मग माझ्यावर घाल. शब्द दे."

आत्याने शब्द दिला.

आता माणसाचं नशीब बघा. नेमकी आत्याची मुलगी बाळंतपणाला अडली आणि आत्याला दूरच्या गावी धाव घ्यावी लागली. इकडे काकी गेली. फोन आला तेव्हा आत्या दवाखान्यात नातवाला छातीशी धरून बसली होती. पोचणं शक्यच नव्हतं.

"माझ्याऐवजी तू कोपरा शीव," ती फोनवर रडत टेलरबाईला म्हणाली. "माझा शब्द गेला नाही पाहिजे."

"अगं, मी आहे ना! तू बाळाकडे बघ."

संध्याकाळी पुन्हा फोन आला.

"घातली गं. तुझ्या नावाने पिवळा तुकडा लावला कोपऱ्याला. इतकी शांत दिसत होती काकी... झोपल्यासारखी."

आत्या परत आल्यावर आधी टेलरबाईच्या गळ्यात पडली. "तुझे उपकार कसे फेडू?" म्हणाली. टेलरबाईने तिची पाठ थोपटली. नर्सबाई खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत होत्या.

त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. हे आत्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

काही दिवसांनी तिघी पुन्हा जमल्या. काकीची खुर्ची तशीच ठेवली. पिशव्या रिकाम्या झाल्या, ढीग झाला. नवी गोधडी सुरू झाली. कुणासाठी, ते नंतर ठरणार होतं.

आत्याने डोळे मिटले आणि हात घातला.

तुकडा हाताला लागला, आणि तो...

उबदार होता.

आत्ताच कुणाच्या तरी अंगावरून काढल्यासारखा.

"इस्त्री कुणी लावली होती का गं?" तिने विचारलं.

"दुपारची वीज कुठे असते इथे? आत्ता आली, पंखा फिरला तेव्हा," टेलरबाई म्हणाली.

निळा तुकडा होता. कडेला पांढऱ्या फुलाचा अर्धा भाग, कात्रीने कापलेला. आत्याने तो जोडला आणि पुन्हा हात घातला. पुन्हा ऊब. डोळे उघडले तर हातात निळाच तुकडा... आणि त्यावर त्याच फुलाचा उरलेला अर्धा भाग.

धार धारेला लावली. फूल पुरं झालं. एका धाग्याचाही फरक नाही.

"योगायोग," नर्सबाई घाईघाईने म्हणाल्या.

पण तो थांबेना. नर्सबाई हात घालत, टेलरबाई हात घाले, त्यांच्या हाताला तुकडे गार लागत. आत्याचा हात गेला की ऊब. आणि तिचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला असा बिलगायचा, जसं काही त्याला घर सापडलं.

दिवसामागून दिवस गोधडी वाढत गेली. आत्याला ती बघितल्यासारखी वाटू लागली. पण टेलरबाईच्या दुकानातलं उरलेलं कापड सगळ्याच गोधड्यांत असायचं. तिने मनाला समजावलं. मैत्रिणींवर शंका घ्यायची नसते, असं तिचं मन.

एका दुपारी टेलरबाई म्हणाली, "ही राहू दे आता. कंटाळा आला. दुसरी घेऊ." आणि ढिगातले काही तुकडे तिने मुठीत धरून टेबलाखालच्या पिशवीत कोंबायला घेतले.

तेवढ्यात...

टक.

तिघींचे हात थांबले.

टक... टक.

टेबलाच्या त्या टोकाला. जिथे कुणी बसलेलं नव्हतं.

"उंदीर असेल," टेलरबाई म्हणाली. पण तिच्या मुठीतले तुकडे खाली पडले, आणि चेहरा चुन्यासारखा झाला.

आत्याने डोळे मिटले आणि ढिगात हात घातला.

बोट आत गेलं.

कापडात नाही... कापडातून आरपार. एका छोट्याशा फटीतून. आणि फटीच्या पलीकडून बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं. ओलसर, मऊ. श्वास लागावा तसं.

तिने हात ओढून घेतला.

बोटात तपकिरी तुकडा अडकला होता. जुन्या कोटाचा. त्यात उघडं काज.

आत्याने तो उलटा केला. काजाभोवती जुन्या टाक्यांची भोकं होती. सगळी उलट बाजूला कललेली.



आत्या उठली. सगळी गोधडी टेबलावर पसरली. मधोमध एक जागा रिकामी होती, तिथे तपकिरी तुकडा ठेवला. आणि तिला सगळं दिसलं. तीन कोपरे बंद. चौथा उघडा. काकीची गोधडी, जशीच्या तशी.

"ही तिच्या अंगावर घातली होती ना?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता.

नर्सबाई पुन्हा खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघू लागल्या.

"पिवळा तुकडा लावला होतास ना गं, माझ्या नावाने?"

टेलरबाई रडायला लागली. "गडबड झाली गं! तिच्या पुतण्याला घाई, माणसांची गर्दी... गोधडी इथेच कपाटात राहिली. घरी येऊन आंघोळ केली तेव्हा आठवली. तोवर काकीला माती देऊन झाली होती. तुला काय सांगणार होते मी?"

"हेच सांगायचं होतं."

"तू कोसळली असतीस."

"मग आत्ता काय झालंय मला?"

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "कधीतरी तू कपाट उघडशील, अशी भीती वाटायची. म्हणून मीच म्हटलं, उसवू आणि कापून ढिगात टाकू. ढिगात कोण ओळखतंय?"

इथे मला आत्याचं दुःख कळतं. विसरणं माणसाचंच आहे, देवही ते पोटात घालत असेल. पण विसरलेलं झाकायला त्यांनी कात्री घेतली. आणि तुकडे टाकले कुठे, तर काकीच्याच ढिगात. आत्या ज्यात डोळे मिटून हात घालायची, त्यात.

"रोज समोर बसून शिवू दिलंत मला," आत्या म्हणाली. "रोज."

"अगं, ऐक तरी..."

"खोलीची किल्ली दे. आणि जा तुम्ही दोघी."

टेलरबाईने किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्या खोलीची ती एकच किल्ली होती.

आत्या एकटी उरली. तिने तपकिरी तुकडा शिवला. मग आपल्या पिवळ्या ओढणीचं टोक फाडलं आणि चौथा कोपरा बंद करायला घेतला.

शिवताना ती बोलत होती. "काकी, मला ठाऊक नव्हतं हो. मी विश्वासाने सोपवलं होतं. तुमच्याकडे उद्याच आणते, माती उकरून ठेवीन, पण पोचवीन."

एकदा तिला वाटलं, गोधडीचं पलीकडचं टोक कुणीतरी ताणून धरलंय. शिवणाऱ्या बाईला सोपं जावं म्हणून आपण धरतो ना, तसं.

तिला बरं वाटलं. बिचारीला वाटलं, काकीने ऐकलं.

शेवटची गाठ मारली, गोधडी काकीच्या खुर्चीवर पांघरली, खिडकी आतून लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन घरी गेली.

सकाळी ती आली तर टेलरबाई दुकानाबाहेर रस्त्यावरच उभी होती. आत जायची तिची छाती होत नव्हती.

"आत कुणीतरी शिवतंय," ती पुटपुटली. "दोरा ओढल्याचा आवाज येतोय... सुर्र... सुर्र..."

आत्याने दार उघडलं.

आवाज नव्हता. खिडकी आतून बंद होती. खुर्ची तिथेच होती.

गोधडी नव्हती.

खुर्चीवर फक्त पिवळा तुकडा होता. आत्याच्या ओढणीचा. नीट उसवून, घडी घालून ठेवलेला. शेजारी त्याचा दोरा, एकदाही न तुटलेला, उलट्या बाजूने गुंडाळलेला.

आत्याने आधी टेलरबाईकडे बघितलं. पुन्हा हिचंच काम असेल, असं मनात आलं. पण टेलरबाई उंबऱ्यातच मटकन खाली बसली होती.

आत्याने घडी उलगडली.

तुकड्याच्या मधोमध नवं काज केलेलं होतं. बारीक, सुबक. टाके सगळे उलट बाजूला कललेले.

त्यानंतर ती त्या खोलीत गेली नाही. त्या दोघी घरी येऊन गेल्या, हात जोडून गेल्या. आत्या त्यांना पाणी देते, बोलते, पण सुई घेऊन त्यांच्याबरोबर बसत नाही.

मी तिची समजूत घालतो. "आत्या, काकी मायेने ठेवून गेली असेल. जिवंत माणसाचं कापड बरोबर न्यायचं नाही, म्हणून परत केलं असेल."

"मग त्या दोघींचे कोपरे कसे नेले? त्यांचंही कापड जिवंत माणसांचंच होतं." ती माझ्याकडे बघते. "त्यांचे ठेवून घेतले रे. माझाच परत केला. शब्द मी दिला होता ना..."

ज्यांनी फसवलं त्यांचे टाके तिने स्वीकारले, आणि जी फसली तिचा नाकारला? की काकीला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की हिलाही सगळं ठाऊक होतं?

तो तुकडा आत्याच्या कपाटात, कपड्यांच्या तळाशी आहे. टाकून द्यायचा धीर होत नाही तिला. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा कपाटाला बाहेरून खुर्ची लावलेली होती.

"उलटा करून ठेव ना तो तुकडा," मी म्हटलं. "म्हणजे काज दिसणार नाही."

आत्या कपाटाकडे पाठ करून बसली होती. आवाज खाली आणून म्हणाली,

"ठेवला होता. पण काज दोन्ही बाजूंनी उघडंच असतं रे."