पान गळू देऊ नये!

"आणखी एक गळलं!" ढोल्या ओरडला. "मुंगे, डिंक आण लवकर!"

मुंगीने डिंकाची बाटली आणली खरी, पण तिचा हात काही पुढे होईना. ढोल्या तिचा चुलतभाऊ, सुट्टीत राहायला आलेला. त्याला काय माहीत, की मुंगी दोन महिने अंगणातलं हे झाड बोडकं व्हायचीच वाट बघत होती!

झाडापलीकडे तिच्या मैत्रिणीची, मैनाची खिडकी होती. मैना मोठ्या आजारातून उठत होती. तिच्याकडे कोणी जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज फोन व्हायचा, पण औषधांनी केस गेल्यापासून ती कॅमेरा लावूच देत नव्हती. "इतक्या जवळून नको गं," ती म्हणायची. "पानं गळली की खिडकीत येईन. तेव्हा बघ. लांबूनच."

आणि नेमकी तेव्हाच वसाहतीच्या नियमांची नवी पुस्तिका आली! नियम सतरा: 'पान गळू देऊ नये!'

झालं! सेक्रेटरीकाका अंगणाअंगणांतून गळलेली पानं मोजत फिरू लागले. कोपऱ्यावरच्या मावशींनी पानं दोऱ्याने फांदीला शिवली. बँकेतल्या काकांनी अख्ख्या झाडाला मच्छरदाणी घातली आणि स्वतःच आत अडकले. काकू दोन तास त्यांना बाजारात शोधत होत्या!

"सहा पानं!" फाटकातून सेक्रेटरीकाका गरजले. त्यांनी पुस्तिका झाडाच्या बुंध्याला टेकवली आणि तिच्यावर कागद ठेवून नोटीस खरडली. "उद्या सकाळी हे झाड तोडणार. इथे सदाहरित झाडांची भिंत लावू. बारा महिने गच्च! पलीकडचं काही दिसायला नको!"

मुंगी पुढे सरसावली. "पण काका, हा नियम केला कोणी?"

"समितीने!"

"समितीत कोण आहे?"

"मी!" असं म्हणून काकांनी पुस्तिका ओढली. ती हलेना. बुंध्यावर डिंक होता ना! "राहू दे, माझ्याकडे ढीगभर आहेत," असं पुटपुटत ते निघून गेले.

ढोल्या खो खो हसत सुटला. मुंगी मात्र झाडाला नाक लावून वाचत होती.

"ढोल्या, बाकीचे नियम बघ. 'रहिवाशांनी अमुक करावे, तमुक करू नये.' सगळे कसे इस्त्री केल्यासारखे! मग सतराव्याच्या शेवटी उद्गारचिन्ह कशाला? नियम कधी ओरडतो का?"

"आणि कोपऱ्यातले आकडे बघ, आठनंतर एकदम अकरा?" ढोल्याने डोळे बारीक केले. "मधलं पान कुठाय?"

मुंगीने ताडकन मान वर केली. पान! झाडाचं नव्हे, पुस्तकाचं!

सायकली थेट बाजारामागच्या छापखान्यात. छापखानेवाल्या आजोबांनी धूळ झटकून पुस्तिकेचं हस्तलिखित काढलं. समासात लाल शाईने लिहिलं होतं: 'मागच्या खेपेस गडबड झाली. पान गळू देऊ नये!'

"अरे देवा!" आजोबांनी कपाळाला हात लावला. "ही तर आम्हाला सूचना होती! आम्ही सूचना छापली आणि पान गाळलं!"

त्या गळलेल्या पानावर खरा सतरावा नियम होता: 'दोन घरांमधले झाड शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय तोडू नये वा लावू नये.'

दुसऱ्या दिवशी माळीबुवांनी करवत टेकवली, तोच मुंगी हस्तलिखित घेऊन धापा टाकत मधे उभी राहिली. मागोमाग छापखानेवाले आजोबाही आले. सेक्रेटरीकाकांनी तिच्या हातातला कागद डोळ्यांशी धरला.

"काय हे भिकार अक्षर! कुणाचं आहे?"

"तुमचंच," छापखानेवाले आजोबा म्हणाले.

काका लालबुंद झाले. "बरं, बरं... शेजाऱ्यांना विचारा मग!"

"नका तोडू!" पानांआडून बारीक आवाज आला. "मी नाही म्हणतेय! ऐकलंत का?"

मैनाचा आवाज! करवत पोत्यात गेली. बाबांनी मुंगीची पाठ थोपटली. "एका उद्गारचिन्हावरून चोर पकडलात रे!" सेक्रेटरीकाकांनीसुद्धा, दात आवळून का होईना, "हुशार आहेत पोरं," असं कबूल केलं.

माळीबुवा मुंगीजवळ वाकले. "गदागदा हलवू का झाड? पाच मिनिटांत समोरचं सगळं दिसेल."

मुंगीच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. पण तिने मान हलवली. "नको. आपली आपण गळू देत."

ती पायरीवर बसली. किती तरी वेळाने एक पान सुटलं, आणि मागे पिवळी बाही दिसली.

"दिसली?" ढोल्याने विचारलं.

"कोपर दिसलं."

"फक्त कोपर?"

"आज कोपर," मुंगी म्हणाली आणि हात उंच करून हलवत राहिली.