मुरारीचं दार

बसा. कंदिलाजवळ सरका, तिकडे डास फार आहेत. लाइट तिन्हीसांजेला जाते ती जेवणं उरकल्यावरच येते, त्यामुळे या वेळी आमच्याकडे कोणी घाई करत नाही. धनंजय सर पाळीवर गेलेत, रोज जातात. तुम्ही त्यांना भेटायला नागपूरहून एवढी गाडी हाकत आलात, तर भेट होणारच. तोवर चहा घ्या.

पाळ म्हणजे तलावाचा बांध. तो मागे काळा दिसतोय ना, तोच. पलीकडे अंधारात आंबागडचा डोंगर आहे. पाण्याचा वास येतोय का? सध्या जरा कुजका येतो. धान कापून झालं की तलाव खाली जातो, गाळ उघडा पडतो.

मी नीतू. आम्ही ढिवर, याच तलावात मासे धरून जगलो. बारावीपर्यंत शिकले, आणि टीव्हीवाल्यांच्या तुकडीला महिनाभर जेवण घातलं, म्हणून तुमच्यासारखं बोलता येतं. घरात आत्या आहे, सखाबाई. तिला कमी ऐकू येतं. तिचं नशीब चांगलं, असं मला हल्ली रोज या वेळी वाटतं.

तलावाच्या त्या टोकाला मोरी आहे, म्हणजे पाणी सोडायची वाट, आणि मोरीवर एक लाकडी दार. ते माझ्या बापाच्या आजाने केलं, मुरारीने. पूर्वी पुराच्या रात्री दार उघडायला माणूस पोचेपर्यंत पाळ फुटायची आणि खालचं धान वाहून जायचं. जाळं तरंगावं म्हणून आम्ही त्याला वाळलेले भोपळे बांधतो, तुंबे म्हणतात त्यांना. मुरारीने तसे मोठे तुंबे दोरांनी दाराला बांधले. पाणी चढलं की तुंबे चढतात, तुंबे चढले की दार वर ओढलं जातं. माणूस लागत नाही. एवढीच अक्कल, पण ती त्याच्याआधी कोणाला सुचली नव्हती.

गावच्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, गोरा साहेब आणून त्याला ते दार दाखवलं आणि आपण केलं म्हणून सांगितलं. सगळं गाव मान खाली घालून उभं होतं. मुरारी मात्र पुढे झाला आणि म्हणाला, "हे दार मी केलो." दुसऱ्या दिवशी मोरीत फांदी अडकली म्हणून मालगुजाराने त्यालाच आत उतरवलं, आणि वरून तुंब्यांचे दोर कापायला लावले. दार खाली आलं. मुरारी काही सापडला नाही.

तुंबे आमच्या घरच्यांनी पुन्हा बांधले, आणि तेव्हापासून आमच्या गावात एक रीत आहे. तलावात पाय टाकायच्या आधी मोठ्याने आपलं नाव सांगायचं. आपलंच. आत मुरारी ऐकत असतो. नाव आपल्या माणसाचं असलं की वाट देतो. त्याला कोणाच्या घरातलं नाव ऐकायचं आहे ते लहान पोरांनाही माहीत आहे, पण त्या घरचं कोणी कधी इथल्या पाण्यात उतरलं नाही. तेवढे हुशार ते होतेच.

तर धनंजय सर. त्यांची ती मालिका तुम्ही पाहिली असेल. पुढच्या काळातली एक मुलगी मागच्या काळात जाते आणि दर भागात एका खऱ्या शोधकाला भेटते. सर याच ओसरीवर बसून आत्याला म्हणाले होते, "आजी, ज्यांचं नाव कोणी घेत नाही अशांसाठीच मी हे करतोय." आत्याने त्यांच्यासाठी मरळ मासा रांधला. तिच्या सगळ्या आयुष्यात मुरारीचं नाव विचारत कोणी दारात आलं नव्हतं. त्या दिवशी मीही त्यांच्या पाया पडले. आता आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

कारण कथेत काय लिहिलं होतं ते मला मिथुनने सांगितलं. मिथुन इकडचाच, झाडीपट्टीच्या नाटकांतला नट. त्याला मुरारीचं काम दिलं होतं. कथेत मुरारी दारू पिऊन पाळीवर पडलेला असतो. ती पुढच्या काळातली मुलगी येते, काठीने गाळात दाराचं चित्र काढते, आणि मुरारी तिच्या पाया पडतो. मी तडक सरांकडे गेले आणि विचारलं, मग माझ्या पणजोबाने केलं काय?

"त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला," सर म्हणाले. "त्या काळात तेही काही कमी नाही."

मालगुजाराने निदान दाराचं श्रेय चोरून आपल्या घरात ठेवलं होतं. यांनी ते अजून जन्मालाही न आलेल्या पोरीला देऊन टाकलं, आणि वर आम्ही खूश व्हावं अशी अपेक्षा. मी त्या रात्री जेवले नाही. आत्या जेवली, पण मासा तिने मांजराला टाकला.

नाव सांगायच्या रितीबद्दल आत्यानेच त्यांना बजावलं होतं. "पाण्यात पाय टाकाच्या आंदी आपलं नाव सांगा लागते, साहेब. दुसऱ्याचं नाही सांगाचं." सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी तेही कथेत घातलं. शेवटच्या प्रसंगात मुरारी पाण्यात उतरणार आणि म्हणणार, मी मुरारी, हे दार माझं नाही, हिचं आहे.

दिवस मावळताना तो प्रसंग घ्यायचं ठरलं. टीना, म्हणजे ती नटी, चंदेरी कपडे घालून गाळात उभी. तिच्या पायाशी काठीने काढलेलं दाराचं चित्र. मिथुन काठावर आला आणि हळूच म्हणाला, "मी मिथुन." सरांनी थांबवलं. पुन्हा सुरू केलं. तो पुन्हा म्हणाला, "मी मिथुन."

"सर, मले नाही जमत," तो हात जोडून म्हणाला. "स्टेजवर सांगा, दहा वेळा मुरारी म्हनतो. इथं नको..."

सर चिडले. उजेड चालला होता. त्यांच्या रबरी बुटांचे बंदसुद्धा सकाळी दुसऱ्याने बांधून दिले होते, असा माणूस. तो तरातरा खाली उतरला. म्हणाला, "बघ, एवढं सोपं आहे." मी पाळीवरून ओरडले, "सर, आपलं नाव सांगा जी." त्यांनी माझ्याकडे बघून हात हलवला. मग पाण्यात पाय टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी मुरारी. हे दार माझं नाही."

सगळे हसले. आणि मग तुंबे एकमेकांवर आपटले, ठक... ठक... वारा नव्हता.

सरांचा पाय घसरला असावा. ते मोरीच्या बाजूला गेले आणि खाली गेले. गुडघाभर पाणी होतं तिथे. मिथुन धावला, त्याने आधी आपलं नाव सांगितलं आणि मग उडी टाकली. तो चाचपडत होता तेवढ्यात सर त्याच्या मागून आपणहून वर आले. चष्मा नव्हता. अंगाला असा वास, जुन्या कुजलेल्या लाकडाचा. टीना घाबरून विचारत होती, "सर... ठीक आहात ना?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग खाली, गाळातल्या चित्राकडे. पायाने ते पुसलं, सावकाश, टाचेने रगडून. आणि म्हणाले, "हे दार मी केलो."



मग तो सगळा भाग त्यांनी बदलून घेतला. मुरारीने तुंबे कसे निवडले, दोर कसे वळले, सगळं मिथुनला हाताला धरून शिकवलं. ज्या माणसाला बुटाचे बंद बांधता येत नव्हते, त्याने सगळ्यांसमोर तुंब्याला आमच्या घराण्याची गाठ मारली. ती आत्याला येते, मला येते, आणखी कोणाला येत नाही. कथेत टीना नुसती उभी राहून बघत राहते. टीव्हीवर तो भाग लागला तेव्हा आत्या पडद्यावर हात ठेवून रडली. मीही रडले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तुकडी गेली, ते राहिले. ओसरीवर झोपतात, जाळी विणतात. घरून फोन येतात, पण ते वाजणाऱ्या वस्तूकडे नुसतं बघत बसतात. आत्या त्यांना वाढते, डोक्यावर पदर घेऊन.

चहा थंड झाला तुमचा. ऐकू येतंय का? नीट कान द्या. मोरीकडून येतं, दाराच्या आतून. मलाही आधी बेडूक वाटले होते. "मी धनंजय... मी धनंजय..." रोज याच वेळी सुरू होतं. शहरी आवाज आहे. आता तो आपलं नाव बरोबर सांगतो. पहिले काही दिवस मला दया आली, मी दारापर्यंत गेलेही. मग कथेतला दारू पिऊन पडलेला माझा पणजोबा आठवला, आणि परत आले.

घाबरू नका. गाडीकडे बघून काय उपयोग, चावी तुम्ही मघाशी मिथुनकडे दिलीत, आडोशाला लावायला. तुम्हाला फोन आला होता ना, सरांनी मालिकेत काम दिलंय म्हणून? ती बाई मीच. ते सांगत गेले, मी बोलत गेले. "मालगुजाराच्या घरचं कोनी हाय का आता?" त्यांनी मला एकदाच विचारलं होतं. शोधायला अवघड गेलं नाही. तुमच्या पणजोबांचा फोटो तुम्हीच इंटरनेटवर टाकला आहे, त्याखाली दाराची हकीकतही लिहिली आहे. तलावाचं स्वयंचलित दार बनवणारे, असं. आत्याला मी ते वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं.

त्यामुळे तुमचं काम सोपं आहे. तुमच्याच पणजोबांचं आहे. वेश नको, रंग नको, नुसतं काठावर जायचं. रीत आता तुम्हाला माहीत झाली. पाण्यात पाय टाकायच्या आधी आपलं नाव सांगा, आडनावासकट. खोटं सांगितलं तर काय होतं ते ऐकताच आहात.

ते बघा, पाळीवर उभे आहेत. हात करतायत.

आणि तो करकरण्याचा आवाज... दार वर चाललंय. पाणी कितीतरी खाली आहे, तुंबे गाळात पडलेत, मी दुपारी स्वतः पाहिलं. कोण उचलतंय ते मला खरंच माहीत नाही.

उठा. वाट निसरडी आहे, कंदील मी धरते.