पुढच्या वर्षाची खोली

आमची कंपनी औषधांची. बनवायची नाही, गोदामात ठेवायची, लेबलं लावायची आणि दवाखान्यांना पोचवायची. वर्ष लिहायला चार आकडे लागतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ज्या शहाण्यांनी आमची यंत्रणा उभारली, त्यांनी जागा वाचवायला दोनच ठेवले. आता शतक सरत आलं तशी सगळ्यांची पाचावर धारण बसली. मुदतीच्या तारखेत शून्य-शून्य दिसलं की मशीन समजणार, औषधं शंभर वर्षांपूर्वीच बाद झालीत, आणि अख्खं गोदाम फेकायला काढणार. शहाणे कधीच दुसरीकडे गेले होते. निस्तरायला आम्ही.

मी लेबलं चिकटवता चिकटवता प्रोग्रॅम लिहायला शिकलो. माझी थोरली बहीण, ताई, आमच्या दुरुस्त्या तपासायची. तपासणीला जुनी शीतखोली दिली होती. खिडकी नाही, बाहेरच्या कुठल्या मशीनशी तार जोडलेली नाही. तिथल्या मशीनचं घड्याळ पुढे सरकवून जानेवारीत नेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात एका कारकुनानं मनगटावर बघून सवयीनं आजची तारीख टाकली. सगळं काम मातीत गेलं. मग साहेबानं नियम केला. गळ्यातल्या टायवरून आम्ही त्याला 'फास' म्हणायचो. घड्याळं दाराबाहेरच्या ट्रेमध्ये काढायची, भिंतीवर पुढच्या वर्षाचं कॅलेंडर, आणि आत बोलायचंसुद्धा पुढच्या वर्षातलं. चुकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा.

"दात काढू नकोस," ताई मला म्हणायची. "एकदा सवय लागली की चूक होत नाही."

सवय लागली. एका रविवारी ती आईला म्हणाली, "हे पडदे गेल्या वर्षी धुतले, तेव्हापासून तसेच लटकतायत." पडदे आदल्याच आठवड्यात धुतले होते. आई म्हणाली, "काढ आता सगळ्यांना चहा." आम्ही पोट धरून हसलो. ताई हसली नाही.

मग एका सकाळी तिनं ओट्यावर दोनच कप मांडले.

"आईचा?" मी विचारलं.

मी काहीतरी घाणेरडं बोललो असावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. आई तिच्या मागेच उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळून. ताईनं तिला वळसा घातला. खुर्चीला घालावा तसा. दुसऱ्या दिवशी आईच्या चपला मला जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात सापडल्या.

मी ताईला जिन्यात गाठलं. "आईला काय झालंय? नीट सांग."

"मला काय विचारतोस?" तिचा आवाज अगदी साधा होता. "उशाशी तूच होतास. डोळे तूच मिटलेस तिचे. जानेवारीतच ना?"

आई वरच्या मजल्यावर भांडी घासत होती. आवाज येत होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. बाईला कामानं पिळून काढलं की डोकं फिरतं, एवढंच माझं म्हणणं होतं. तेच मी फासाच्या टेबलावर हात आपटून सांगितलं.

"तुझ्या बहिणीची एक चूक दाखव," तो म्हणाला.

"तीच तर भीती आहे. तिला बाहेर काढा."

"काढतो. पण खुर्ची रिकामी राहणार नाही. तू बसतोस?"

"बसतो."

दुसऱ्या दिवशी मी ट्रेमध्ये घड्याळ ठेवलं आणि आत गेलो. आत रबराचा आणि जुन्या औषधांचा वास होता. काल संध्याकाळपर्यंत ताई इथे बसली होती. तरी कीबोर्डवर धूळ होती. जाड, बोट ओढलं की रेघ उठेल अशी. खुर्चीवरही होती.

दारामागच्या खिळ्याला एक करडा स्वेटर टांगलेला होता. कोपरावर लाल धाग्याचं रफू. करडा धागा संपला म्हणून आईनं लाल वापरला होता, आणि मी तिच्यावर चिडलो होतो. मी तो हातात घेतला. थंड होता, बऱ्याच दिवसांत कुणी न घातल्यासारखा.

मग मी माझ्या कोपराकडे पाहिलं. तोच स्वेटर माझ्या अंगात होता.

मी तो परत टांगला. दार उघडून निघून जाता आलं असतं. पण भिंतीवर ते कॅलेंडर होतं, आणि मला आईच्या चपला आठवल्या.

मी खुर्चीत बसलो आणि त्या कारकुनानं केली होती तीच चूक केली. मुद्दाम. आजची तारीख टाकली.

मशीननं विचारलं, तारीख मागे जात आहे, चालेल का?

मी हो म्हटलं.

काहीच झालं नाही. पंखा घरघरत राहिला. मी बाहेर आलो. ट्रे रिकामा होता. समोरून फास आला, माझ्या अंगावरून पुढे गेला आणि खोलीला कुलूप घालून निघून गेला. रागावलाय, असं मी धरून चाललो.

सकाळी स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. ताई गुणगुणत होती. "आई, ये गं, चहा निवतोय," तिनं हाक मारली. आई आली. तिच्या पायांत चपला होत्या. ताईनं तिच्या हातात कप दिला, वर तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला हवं होतं ते मला मिळालं होतं.

ओट्यावर तिनं दोनच कप मांडले होते.

"ताई," मी म्हटलं.

आई खुर्चीत बसली. तिच्या मांडीवर करडा स्वेटर होता. कोपरावरच्या लाल धाग्यावरून ती अंगठा फिरवत राहिली.

"त्याचा हा देऊन टाकू का कुणाला?" तिनं विचारलं.

"राहू दे," ताई म्हणाली. "जानेवारी होऊन जाऊ दे."

आईनं मान हलवली. मग तिनं दातांनी तो लाल धागा तोडला आणि उसवायला लागली. माझ्या कोपराला वारा लागला.